ठिपकीची दोरी

"मानवी संस्कृती गायीच्या पाठीवर बसून इथवर आली आहे," असं दादा गोठ्याच्या दारात उभं राहून म्हणाले, आणि नेमक्या त्याच वेळी ठिपकीने आपला पुढचा डावा खूर त्यांच्या उजव्या अंगठ्यावर ठेवला.

संस्कृती कुठे थांबत नाही म्हणतात. ठिपकी थांबली. बावीस लिटर दूध देणारी गाय बघायला दूध सोसायटीचे दोन सभासद आले होते. त्यांच्यासमोर चेअरमनने ओरडावं की ओरडू नये, हे दादांना पटकन ठरवता येईना. शेवटी ते अंगठ्यानेच ठरवलं.

"आत्या! बघतेस काय! ढकल तिला!"

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून दादाही म्हणू लागले. मुलं मोठी होऊन लांबच्या शहरांत गेली, हाक तेवढी घरात राहिली. पंचविसाव्या वर्षी ती नवऱ्याचं घर सोडून परत आली, तेव्हा तिला नेमकं कुठे ठेवायचं हे कुणाला सुचेना, आणि गोठ्यात माणूस तर हवंच होतं. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तिने ठिपकीच्या खांद्याला खांदा लावला, "सरक बाळ" म्हणाली, आणि ठिपकी सरकली. दादा एका पायावर उड्या मारत पालथ्या कॅनपाशी गेले आणि त्यावर बसले. सभासद अदबीने छपराकडे बघत राहिले.

तरी नशीबच म्हणायचं. हाच खूर दोन महिन्यांपूर्वी पडला असता तर अंगठ्याचा भुगा झाला असता. तेव्हा ठिपकी चांगली साठ किलोंनी जड होती. हे साठ किलो गेले कुठे, हा प्रश्न त्या दिवशी दादांना पडला नाही. अंगठा ठणकत असताना गायीचं वजन कमी झाल्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

आत्याला मात्र ते कुठे गेले ते ठाऊक होतं. रोज दोन वेळा ती ते स्वतःच्या हाताने बादलीत काढत होती.

गोठा सहा गायींचा. गव्हाणीवरच्या भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं: 'व्यायलेल्या गायीस पहिला दीड महिना खुराक सकाळी एक माप, संध्याकाळी एक माप. त्यानंतर दीड दीड माप. हुकमावरून.' हुकूम दादांचा, अक्षरही दादांचं. माप पत्र्याचं, दोन किलोंचं. खुराकाच्या खोलीला कुलूप, आणि कुलुपाची किल्ली दादांच्या पायजम्याच्या नाडीला बांधलेली. दादा चालले की किल्ली वाजे, आणि किल्ली वाजली की सहाही गायी माना वर करत. दादांना वाटे, जनावरांनाही आपला आदर आहे.

ह्या नियमामागे एक मेलेली गाय होती. पस्तीस वर्षांपूर्वी तांबडी नावाची गाय व्यायली आणि चौथ्याच दिवशी खुराकाच्या खोलीत शिरली. दार उघडं होतं. अर्धं पोतं भरडा तिने फस्त केला. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दार कुणी उघडं टाकलं? घरात नुकतंच परत आलेलं माणूस एकच होतं. त्याच्यावर ढकलणं सोयीचं होतं. तेव्हापासून दादांनी मनाशी पक्कं धरलं की व्यायलेल्या गायीला खुराक म्हणजे विष. माणसाला भीती वाटली तर ती चार दिवसांत ओसरते. तिला ऑइलपेंट लावला की तिचा नियम होतो.

ठिपकी व्यायली त्या दिवशी आत्याने एक सुती दोरी घेतली होती. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती वेढा घ्यायचा, आणि दोरी जिथे मिळेल तिथे काळा दोरा गुंडाळून बांधायचा. गाठ मारायची नाही, गाठीने दोरी आखडते आणि माप खोटं होतं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ठिपकीची आई हिला टाकून मेली, तेव्हा बाटलीने दूध पाजून हिला वाढवताना अंग भरतंय की नाही बघायला तिने अशीच दोरी लावली होती. त्या वेळी दोरे दर आठवड्याला पुढे पुढे जात. आता ते मागे मागे येत होते. पहिल्या आठवड्यात बोटभर. दुसऱ्यात दोन बोटं. तिसऱ्यात पुन्हा बोटभर. आठ आठवड्यांत काळ्या दोऱ्यांची एक शिडीच तयार झाली, आणि ती खाली उतरत होती.

"दादा, हिला खुराक वाढव," ती म्हणाली होती. "हाडं दिसायला लागलीत."

"बावीस लिटर देते ती. हाडं दूध देत नाहीत."

"हाडंच देताहेत."

"तांबडी विसरलीस वाटतं?"

हे वाक्य दादा खिशातून रुमाल काढावा तसं काढत. ते काढलं की आत्या गप्प होई, आणि दादा घाम पुसल्यासारखे मोकळे होत.

सोसायटीत दादा सगळ्यांना सांगत सुटले होते. "एका मापावर बावीस लिटर! बाकीच्यांच्या गायी पोती खातात. माझी गाय हवा खाते." मंडळी माना डोलावत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येतंय, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर दादांनी त्याला ठिपकी दाखवायला नेलं असतं, आणि समोरून दाखवली असती. समोरून सगळ्याच गायी बऱ्या दिसतात.

व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांत गाय माजावर यायला हवी. ठिपकी येईना. तिसरा महिना सरता सरता एका सकाळी ती उगाच हंबरल्यासारखी हंबरली, आणि दादांनी रेतनवाल्याला फोन केला.

रेतनवाला मोटारसायकलवर बीज ठेवायचं थंड वाफेचं भांडं बांधून आला. तो कामाला वाईट नव्हता, पण चेअरमनच्या गोठ्यात आला की त्याचं मत दाराबाहेर मोटारसायकलपाशीच उभं राही.

"पाठ जरा उतरलीय," तो हातमोजा चढवता चढवता म्हणाला.

"जातच सडपातळ आहे तिची," दादा म्हणाले.

"हो, सडपातळच आहे, चेअरमनसाहेब."

एकवीस दिवसांनी ठिपकी पुन्हा माजावर येऊन हंबरली. म्हणजे रेतन वाया गेलं. रेतनवाला पुन्हा आला. दादांनी कारणं शोधली. वळूचं बीज हलकं. वारा पश्चिमेचा. आत्याच्या हाताला कास ओळखत नाही. ज्या हाताने ठिपकी बाटली तोंडात धरून वाढली तो हात आता तिला ओळखत नव्हता म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. आत्याने धारेची बादली उचलली आणि दादांच्या पायाजवळ जरा जोरात ठेवली. अंगठा तिने मुद्दाम वाचवला.

त्याच आठवड्यात काळी नावाच्या दुसऱ्या गायीचा खूर दुखावला म्हणून डॉक्टरबाई आल्या. नव्याने आलेल्या, तरुण, पायात गमबूट, बोलणं थोडकं. खूर कापून, पट्टी बांधून त्या उठल्या आणि ठिपकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ तिच्या पाठीची हाडं बघत राहिल्या.

"ही कधी व्यायली?"

"साडेतीन महिने झाले," आत्या म्हणाली.

"खुराक?"

आत्याने भिंतीकडे बोट केलं. डॉक्टरबाईंनी हिरवी अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली. काही माणसं पाटी एकदा वाचून विश्वास ठेवत नाहीत.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," दादा दारातून म्हणाले. "चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

"काका, व्यायल्यावर गायीचं दूध आधी चढतं, भूक मागाहून चढते. त्या मधल्या दिवसांत ती अंगावरचं काढून देते. आणि तुम्ही नेमकं त्याच दिवसांत हात आखडता घेतलात. आधी दूध, मग स्वतःचं अंग, आणि सगळ्यात शेवटी पुढचं वासरू, असा तिच्या शरीराचा हिशेब असतो. आज तिच्या पोटात जे बीज सुटतंय ते अडीच-तीन महिन्यांपूर्वी पिकायला लागलेलं. तेव्हा ती उपाशी होती."

"बावीस लिटर देणारी गाय उपाशी?" दादा हसले. "मुली, तुझं वय किती?"

"माझं वय मोजून गाय गाभण राहणार नाही, काका."

दादांना सोसायटीचं काम आठवलं. किल्ली वाजवत ते गेले. सहा गायींनी माना वर केल्या आणि खाली घातल्या.

आत्याने दोरी काढून डॉक्टरबाईंच्या हातात दिली. डॉक्टरबाईंनी काळे दोरे एकेक करून चाचपले, शेवटच्या दोऱ्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "आत्या, हे माझ्या वहीतसुद्धा इतकं नीट नसतं. आता एकच करा. खुराक वाढवा. पण एकदम नाही. चार-चार दिवसांनी थोडा थोडा, आणि दिवसातून तीनदा वाटून."

"एकदम घातल्यावर काय होतं ते मी बघितलंय, बाई," आत्या म्हणाली. "पण कुलूप दादाचं आहे."

हे सगळं दादांची बायको, म्हणजे वहिनी, चहाचे कप धरून ऐकत होती. डॉक्टरबाई गेल्यावर ती तशीच उभी राहिली. चहा गार झाला.

"वन्सं," ती म्हणाली, "माझी दोन बाळंतपणं ह्याच घरात झाली. 'हलकंच द्या हो, बाळंतिणीला जड सोसत नाही' म्हणून दीड दीड महिना मला पाण्यात शितं शोधायला लावली ह्या लोकांनी. चक्कर येऊन मी आडापाशी पडले, तर म्हणाले, नाजूक आहे. माझं भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं, एवढाच काय तो फरक." तिने कप खाली ठेवले. "ह्यांची आंघोळ किती वेळ चालते ठाऊक आहे?"

"किती?"

"अठरा मिनिटं. आत भाषणाची तयारी करतात. पायजमा बाहेर खिळ्यावर असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता न्हाणीघरातून "सभासद बंधूंनो" असा आवाज आला, आणि वहिनी पायजमा उचलून पळाली. नाडीला बांधलेल्या किल्लीची गाठ अशी पक्की होती की ती सोडायला अठरा मिनिटं पुरली नसती. म्हणून आख्खा पायजमाच कुलुपापाशी न्यावा लागे. वहिनी किल्ली भोकात घालून ओढून फिरवी, कुलूप जुनं, पायजमा हवेत फडफडे, आणि आत्या आत शिरून तांब्याने खुराक काढी. पहिले चार दिवस एक तांब्या. मग दीड. मग दोन. तो वैरणीखालच्या बादलीत लपवायचा, दुपारी दादा सोसायटीत गेले की ठिपकीसमोर ठेवायचा. चेअरमनच्या घरातल्या दोन बायका, दोघी साठीच्या आसपास, स्वतःच्या गोठ्यात स्वतःच्या गायीला चोरून खाऊ घालत होत्या. चोरी कुणाची म्हणायची ते वाचणाऱ्याने ठरवावं.

ठिपकी पहिल्या दिवशी बादलीकडे बघतच राहिली. मग तिने नाकाने फुंकर मारली, भरडा उडाला, आणि ती खाऊ लागली. खाताना ती डोळे मिटून घेत होती. आत्याने मान फिरवली. हात पुसायला तिला काहीतरी सापडलं.

पुढच्या वेढ्याला दोरी तिथल्या तिथेच राहिली. त्याच्या पुढच्यालाही. दोन आठवडे तिने काळा दोरा काळ्या दोऱ्यावर बांधला. तिसऱ्या आठवड्यात दोरी अर्धं बोट पुढे गेली, आणि आत्याने वहिनीच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा मागून आणला.

पण तेवढ्यात ठिपकी पुन्हा माजावर आली, तिसरं रेतन झालं, आणि एकवीस दिवसांनी तेही वाया गेलं.

"आता गं?" वहिनी म्हणाली. "आपण तर महिनाभर खाऊ घालतोय."

"पी हळद हो गोरी असं नसतं, वहिनी. बाई म्हणाल्या ना, आजचं बीज मागच्या उपासाचं. अजून थोडं थांबायला हवं."

थांबायला दादा तयार नव्हते. तीनदा हसं झालं होतं. बावीस लिटरच्या गायीचं दूध अकरावर आलं होतं, आणि सोसायटीत कुणीतरी विचारलं होतं, "काय चेअरमन, हवा कमी पडली का?" त्यांनी व्यापाऱ्याला बोलावणं धाडलं.

व्यापारी म्हणजे गुरांचा दलाल. पोट पुढे, टोपी मागे. त्याने ठिपकीला गोठ्याबाहेर काढायला लावलं, आणि काढलं अर्थात आत्याने. रस्त्यावर दोन फेऱ्या मारायला लावल्या. शेजारपाजारचे लोक जमले. व्यापाऱ्याने ठिपकीच्या कासेला हात घातला, दात बघितले, शेपूट वर केली, आणि मग तिच्या मागे उभं राहून मांडीवरच्या वर आलेल्या हाडावर स्वतःची टोपी अडकवली. टोपी खुंटीवर राहावी तशी राहिली.

"हे बघा," तो म्हणाला. "गाय नाही तर नाही, खुंटी म्हणून कामाला येईल."

लोक हसले. दादाही हसले. आपल्या घरच्या गायीच्या हाडावर परक्याने टोपी टांगली, आणि घरचा मालक हसला. मुकी बिचारी कुणीही हाका, हे खरं. पण हाकणारे हसतात तेव्हा ते फारच खरं वाटतं.

आत्याने टोपी काढली, झटकली आणि व्यापाऱ्याच्या हातात दिली.

"डोक्यावर ठेवा," ती म्हणाली. "तिथेही रिकामी जागा आहे."

हसणं जागच्या जागी थांबलं. दादांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "आत्या, आत जा!"

"जाते. पण एक सांगून जाते. अजून एक माज बघ. एकच. त्यानंतर डॉक्टरबाईंनी तपासून 'रिकामी' म्हटलं तर मी स्वतः हिला गाडीत चढवीन. दावं माझ्या हाताने देईन."

चारचौघांत मागितलेली गोष्ट चारचौघांत नाकारायची चेअरमनला सवय नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले. "एक. मग दावं तुझ्याच हातात."

चौथं रेतन झालं, तेव्हा लाल दोरे पाच झाले होते. रेतनवाला हातमोजा काढताना हळूच म्हणाला, "आत्या, गाय अंगाने भरलीय हो." मग दादा आले तसा तो म्हणाला, "सडपातळच आहे, चेअरमनसाहेब."

एकवीस दिवस झाले. बावीस. तेवीस. आत्या पहाटे उठून गोठ्याच्या दारात कान देई. ठिपकी रवंथ करत बसलेली असे. ती हंबरली नाही. पण न हंबरणं म्हणजे गाभण राहणं नव्हे, हे आत्याला ठाऊक होतं. कित्येक रिकाम्या गायी गप्प राहतात, जशी कित्येक माणसं राहतात. दोन महिने पुरे झाल्यावर हात घालून तपासल्याशिवाय खरं कळणार नव्हतं. तोवर ती रोज दुपारी बादली पुढे करत राहिली.

तपासणीचा दिवस आला तो भांडण घेऊनच आला. सकाळी दादांनी खुराकाच्या खोलीतली पोती मोजली. आठवत होती त्यापेक्षा सहा कमी भरली. व्यापारी गाडी घेऊन दारात हजर, डॉक्टरबाई गमबूट चढवत होत्या, वहिनी पाण्याची बादली आणत होती. दादांनी गोठ्याच्या मधोमध उभं राहून आवाज लावला.

"सहा पोती! सहा! माझ्याच घरात चोरी! खुराक विकतेस तू, आत्या? कुणाला विकतेस? खाल्ल्या घरचे वासे मोजतेस!"

आत्या ठिपकीची शेपूट बाजूला धरून उभी होती. ती सोडून तिला पुढे येता येईना. म्हणून ती तिथूनच बोलली.

"विकली नाहीत. हिच्याच पोटात गेली. रोज दुपारी. तुझ्या किल्लीने."

"व्यायलेल्या गायीला! तांबडी विसरलीस?"

"नाही विसरले." तिचा आवाज चढला नाही, पण वहिनीने बादली खाली ठेवली. "तांबडीच्या दिवशी शेवटचं पोतं तू काढलंस, दादा. नाटकाच्या तालमीला उशीर होतोय म्हणून कडी न घालता दार नुसतं लोटून पळालास. मी वैरण टाकत होते, मी बघितलं. पस्तीस वर्षं मी बोलले नाही, कारण बोलून तांबडी परत येणार नव्हती. आणि ह्या घरात माझं अंथरूण होतं. पण तू त्या दाराची शिक्षा दरवर्षी व्यायलेल्या प्रत्येक गायीला देत आलास. काळी दोन वर्षं रेतनं वाया जाऊन जाऊन मगच गाभण राहिली, तेव्हा तू वाऱ्याला दोष दिलास. हरणी चार रेतनांनंतर गेली खाटकाकडे, तेव्हा तू बीजाला दोष दिलास. नाचता येईना अंगण वाकडं! दूध मोजायला फळा आहे, माप आहे, कॅन आहे, सोसायटी आहे. पाठ मोजायला ह्या घरात एक दोरी तेवढी होती, आणि तीही मी लपवून ठेवली."

कमरेला खोचलेली दोरी तिने एका हाताने ओढून काढली आणि गव्हाणीवर टाकली. काळे दोरे खाली उतरत गेलेले, लाल दोरे त्यांच्याच शेजारून परत वर चढलेले. दादा आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते.

व्यापाऱ्याला वाटलं की जरा हसवावं. त्याने टोपी काढली आणि सवयीने ठिपकीच्या मांडीवरच्या हाडावर अडकवली.

टोपी घसरली आणि शेणात पडली.

त्याने ती उचलली, पुन्हा ठेवली. ती पुन्हा घसरली. हाड तिथेच होतं, पण आता त्याच्यावर गाय होती.

"सरका," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि हात आत घातला. डोळे छपराकडे लावले. तपासताना सगळे डॉक्टर असंच बघतात, जणू उत्तर वाशाला लिहिलेलं असतं. ठिपकीने पाठ जराशी कमानवली. आत्याने शेपूट इतकी घट्ट धरली की ठिपकीने मागे वळून बघितलं. बाहेर व्यापाऱ्याच्या गाडीचं इंजिन चालूच होतं. कुणीतरी ते बंद करावं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि कुणीच हलत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी हात बाहेर काढला.

"दोन महिने पूर्ण," त्या म्हणाल्या. "छान आहे."

आत्याने शेपूट सोडली. मग तिने वैरणीची एक पेंढी उचलली, ती मोकळी केली, पुन्हा बांधली, आणि जागच्या जागी ठेवून दिली. वहिनी मोठ्याने म्हणाली, "गाडी बंद करा हो कुणीतरी, काय तो धूर!" व्यापारी शेणाने माखलेली टोपी दोन बोटांत धरून निघून गेला.

दादा दोन दिवस कमी बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ऑइलपेंटचा डबा आणला. हिरवा संपला होता म्हणून निळा आणला. जुनी अक्षरं खरवडली आणि नवीन लिहिली: 'व्यायलेल्या गायीस खुराक हळूहळू वाढवावा. दर आठवड्यास छातीस दोरी लावावी. हुकमावरून.' हुकूम दादांचा, अक्षरही दादांचं. वहिनीने ते वाचलं आणि हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. आत्याने वाचलं, आणि लिहिलेलं बरोबर होतं म्हणून त्याला नाव ठेवलं नाही. गायीच्या पोटात गेल्याशी कारण.

दूध संघाची वार्षिक सभा आली. दादांना व्यासपीठावर बोलवलं होतं. विषय त्यांनीच सुचवला होता: 'माझी दोरी-पद्धत'. इस्त्रीचा सदरा, इस्त्रीचा पायजमा, हातात भाषणाचे चार कागद. जाण्याआधी ते गोठ्याच्या दारात आले. तालीम म्हणून असेल किंवा खरोखर सांगायचं म्हणून असेल, छाती पुढे काढून त्यांनी सुरुवात केली.

"मानवी संस्कृती, सभासद बंधूंनो, गायीच्या पाठीवर..."

इथे त्यांनी हात उंच केला. नाडी तुटली.

गेले चार महिने रोज सकाळी तीच नाडी जुनाट कुलुपापाशी ओढून ओढून फिरवली गेली होती. नवा पायजमा आला तरी किल्लीची गाठ सोडायच्या कंटाळ्याने नाडी तीच. ती किती टिकणार? किल्ली फरशीवर खण्णकन पडली आणि गव्हाणीखाली गेली. सहाही गायींनी माना वर केल्या. दादांनी चार कागद दातांत धरले आणि दोन्ही हातांनी पायजमा धरला.

आत्या खाली वाकली, किल्ली उचलली, पदराला पुसली आणि पदराच्या टोकाला बांधून टाकली. दादांनी ते बघितलं. दातांत कागद होते, आणि हात मोकळे नव्हते.

"हं... हं..." ते म्हणाले. मग कागद खाली पडू दिले. "आत्या, बाहेर गाडी थांबलीय. लोक बसलेत तिथे. घरात दुसरी नाडी नाही." खुंटीवर काळ्या-लाल दोऱ्यांची दोरी टांगलेली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात चेअरमन नव्हता. "ती दोरी दे ना जरा."

आत्याने खुंटीवरची दोरी काढली. क्षणभर ती हातात तोलली. साडेसात-आठ महिन्यांची ठिपकी त्या दोरीत होती, हाडं दिसायला लागल्यापासून टोपी घसरेपर्यंतची. मग तिने ती दादांच्या हातात दिली.

"दोरे सोडू नकोस हां," ती म्हणाली. "आणि सकाळी आठवणीने परत दे. काळी कालच व्यायलीय."